फाइलमध्ये काय घडलं ते असतं, का ठरवलं ते नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बालसंरक्षणाच्या कामात आठ महिने झालेत. सुपरव्हायझर म्हणतात तुमच्या नोंदी लांबलचक आहेत पण निर्णय कुठे दिसत नाही. शाळेच्या काउन्सेलरने एका मुलीबद्दल फोन करून विचारलं तेव्हा गोपनीय आहे म्हणून काहीच सांगितलं नाही, आता वाटतंय चुकलं का. आणि त्याच मुलीची आई म्हणतेय मला फाइल बघायचीय. मग नोंद कशी करायची, कुणाला किती सांगायचं?

मी या कामात १९ वर्षं आहे, आणि त्यातली गेली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या फाइली वाचण्यात गेलीत, म्हणजे केस हातात घेताना, केस कॉन्फरन्सच्या, म्हणजे एका मुलाच्या केसवर सगळे संबंधित एकत्र बसतात त्या बैठकीच्या, आदल्या रात्री, किंवा काहीतरी वाईट घडून गेल्यावर. तिसऱ्या प्रकारचं वाचन सगळ्यात जास्त शिकवतं. आणि तुमचे सुपरव्हायझर जे म्हणतायत ते बरोबर आहे, पण ते फक्त तुमचं नाही हो, बहुतेक सगळ्यांच्या फाइलींचं तसंच असतं. काय काय घडलं त्याची पानंच्या पानं असतात आणि मग अमुक का केलं, तमुक का नाही केलं, ते शोधत बसावं लागतं.

आधी माझीच एक चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. पाच वर्षांचा मुलगा, रात्री रडण्याचा आणि आरडाओरड्याचा आवाज येतो अशी शेजारून तक्रार. मी कळवून होम व्हिजिटला गेले, अर्धा तास बसले, आईशी बोलले, आणि ऑफिसला येऊन लिहिलं: "गृहभेट दिली. आई सहकार्य करते. घर स्वच्छ. परिस्थिती समाधानकारक. पाठपुरावा चालू ठेवणे." झालं. थोड्या महिन्यांनी माझी बदली झाली, दुसरी तक्रार आली, माझ्या जागी आलेल्या सहकारिणीने फाइल उघडली, आणि तिला काय दिसलं तर आधीच्या वर्करने जाऊन पाहिलंय आणि सगळं समाधानकारक आहे. तिने केस खालच्या प्रायोरिटीला टाकली. तिच्या जागी मी असते तर मीही टाकली असती. तिसऱ्या वेळी तक्रार हॉस्पिटलमधून आली, हात मोडलेला होता.

आता त्या भेटीत खरंच काय झालं होतं ते ऐका. मुलगा मला भेटलाच नव्हता. झोपलाय म्हणाली, संध्याकाळचे सहा वाजले होते, मी उठवा म्हटलं नाही कारण संकोच वाटला. मी फक्त बाहेरची खोली पाहिली. आणि आईचा पार्टनर पूर्ण वेळ दाराला टेकून उभा होता, एक शब्द न बोलता. यातलं एकही वाक्य फाइलमध्ये नव्हतं. नंतर चौकशी झाली तेव्हा मला कोणी काही बोललं नाही, कारण माझी चूक फाइलमध्ये दिसतच नव्हती. ते मला जास्त लागलं.

आज तीच नोंद मी अशी लिहीन: "मंगळवार, संध्याकाळी ६ ते ६:३०, आधी कळवून गेले. आई भेटली. तिचा पार्टनर पूर्ण वेळ दारात उभा होता, आईशी एकटीशी बोलता आलं नाही. मुलगा दिसला नाही, आई म्हणाली झोपलाय, मी उठवायला सांगितलं नाही. फक्त बाहेरची खोली पाहिली. निर्णय: आज रात्रीच मुलाला हलवावं असं काही समोर आलं नाही. पण मुलाला पाहिलेलंच नसल्यामुळे तो सुरक्षित आहे असं मी म्हणू शकत नाही. केस बंद करण्याचा विचार केला, केली नाही, कारण तक्रारीतल्या मूळ मुद्द्याला अजून उत्तर नाही. गुरुवारी शाळेत त्याला एकट्याला भेटणार. शुक्रवारपर्यंत भेट झाली नाही तर सुपरव्हायझरकडे नेणार." मोजून बघा, फार मोठी नाहीये. पण माझ्या जागी येणारीला यातून कळतं की मला काय माहीत नव्हतं. नोंदीत आपल्याला जे माहीत नाही ते लिहिणं हे सगळ्यात अवघड जातं, कारण वाटतं आपण कच्चे दिसू. आणि नेमकी तीच ओळ नंतर कुणाच्या तरी कामी येते.

निर्णयाची नोंद म्हणजे काय तर काय ठरलं, कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर, दुसरा कुठला पर्याय होता आणि तो का सोडला, आणि कशाने हे मत बदलेल. यातलं शेवटचं कुणीच लिहीत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आयलीन मन्रो यांनी ब्रिटनमधल्या १९७३ ते १९९४ या काळातल्या, मुलांवरच्या अत्याचारांच्या ४५ चौकशी अहवालांचा अभ्यास केला होता, १९९९ मध्ये तो छापून आला, आणि त्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे वर्करचं पहिलं मत एकदा बनलं की ते हलत नाही, विरुद्ध पुरावा समोर आला तरी त्याला वळवून जुन्या मतात बसवलं जातं. हे वाचलं तेव्हा मला माझी ती "परिस्थिती समाधानकारक" नोंद आठवली. म्हणून मी आता ज्युनियर लोकांना सांगते, "आई बदलायला तयार आहे असं वाटतं" असं लिहिलंत ना, तर पुढे लिहा, "पुढच्या तीन आठवड्यांत दोन अपॉइंटमेंट चुकल्या तर हे मत सोडायचं." आधीच लिहून ठेवलं की मग चुकलेल्या अपॉइंटमेंटला आपण कारणं शोधत बसत नाही, किंवा बसलो तरी निदान लाज वाटते.

आणि एक म्हणजे, जे निर्णय निर्णयासारखे दिसत नाहीत त्यांची नोंद. "लक्ष ठेवणे", "पाठपुरावा चालू", "तूर्तास कारवाई नाही", हे सगळे निर्णयच आहेत. मुलाला घरातून काढलं की आपण चार पानं लिहितो, मुलाला घरी ठेवलं की दोन ओळी. दोन्हीत मुलाचं आयुष्य तितकंच पणाला लागलेलं असतं. "लक्ष ठेवणे" असं लिहिलंत तर कोण ठेवणार, कशावर, किती दिवस, आणि काय दिसलं तर काय करणार? याची उत्तरं नसतील तर तुम्ही काहीच ठरवलेलं नाही, फक्त ठरवल्यासारखं लिहिलंय. केस कॉन्फरन्सच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, तर "सर्व संबंधितांनी संपर्कात राहावे" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते दिसलं की समजते, या मीटिंगमध्ये लोक दमले होते.

मतभेद झाले तर तेही लिहा. सुपरव्हायझर म्हणाले केस बंद करा आणि तुम्हाला पटलं नाही, तर "सुपरव्हायझरशी चर्चा करून केस बंद" एवढंच नाही लिहायचं. "माझं मत अजून एक भेट व्हावी असं होतं, कारण अमुक, सुपरव्हायझरांनी तमुक कारणाने बंद करायचं ठरवलं" असं लिहायचं. यात कुणाची तक्रार नाहीये. चांगल्या सुपरव्हायझरला ते चालतं, आणि ज्यांना चालत नाही तिथे तर लिहायलाच हवं.

मुलाच्या शब्दांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत डॅनियल पेल्का नावाचा चार वर्षांचा मुलगा २०१२ मध्ये मेला, आई आणि तिच्या पार्टनरने उपाशी ठेवून, मारून. २०१३ मध्ये त्याच्या केसचा जो रिव्ह्यू आला त्यात एक गोष्ट होती की त्याच्या घरच्या आयुष्याबद्दल, त्याला काय वाटतं याबद्दल कुणी त्याच्याशी बोलल्याची एकही नोंद सापडली नाही. शाळा, डॉक्टर, पोलीस, सोशल वर्कर, सगळ्यांनी त्याला पाहिलेलं. त्याच्याबद्दल कागद होते, त्याचे शब्द नव्हते.

म्हणून मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात. "मुलाने मारहाण झाल्याचे सांगितले" हे तुमचं वाक्य आहे. मुलगा म्हणाला होता, "तो पट्टा काढतो ना तेव्हा मी पलंगाखाली जातो." यात पट्टा आहे, हे नेहमीचं आहे हे आहे, आणि त्याला लपायची जागा ठरलेली आहे हे पण आहे, आणि तुमच्या एका साफसूफ वाक्यात हे सगळं गेलं. आणि तुम्ही काय विचारलंत तेही लिहा, तुमचा प्रश्नसुद्धा. "बाबांनी मारलं का?" असं विचारून "हो" मिळालं आणि "घरी काय काय झालं सांगशील?" असं विचारून तेच मिळालं, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कोर्टात तर आहेच. मूल काही बोललं नाही तर तसं लिहा, आणि ते काय करत होतं ते लिहा. एक मुलगी माझ्यासमोर पूर्ण वीस मिनिटं स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत बसली होती आणि आईचं नाव निघालं की थांबायची. मी तेवढंच लिहिलं, अर्थ काढला नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या एकीने तिच्याबद्दल अगदी तेच लिहिलेलं मिळालं, तेव्हा अर्थ आपोआप लागायला लागला.

पाहिलं, ऐकलं आणि वाटलं हे तीन वेगळे ठेवा, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच, त्यामुळे लांबवत नाही. फक्त विशेषणांकडे बघा. "असहकार्य करणारी आई" म्हणजे काय? तीन वेळा दार उघडलं नाही? की एकदा ओरडली, "तुम्ही कोण विचारणारे"? मी असते तर मीही ओरडले असते कदाचित. विशेषण एकदा फाइलमध्ये घुसलं की पुढचे दहा जण ते कॉपी करतात. कॉपीवरून आठवलं, भावंडांच्या फाइलींत एकाची नोंद दुसऱ्याकडे पेस्ट करू नका. मी एका दीड वर्षाच्या बाळाच्या फाइलमध्ये वाचलंय की "त्याने शाळेत मित्र केले आहेत".

आता माहिती देण्याबद्दल. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये मेली, तिला सांभाळणारी तिची नातेवाईक बाई आणि त्या बाईचा पार्टनर, दोघांना जन्मठेप झाली. तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण मिळाले. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला, १०८ शिफारशी, आणि त्यात म्हटलं होतं की तिला वाचवायच्या १२ संधी होत्या. चार भागांतल्या सोशल सर्व्हिसेस, दोन हॉस्पिटलं, पोलिसांच्या दोन टीम, सगळ्यांपर्यंत ती पोचली होती. एका हॉस्पिटलात तिच्या अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असं डॉक्टरांचं मत झालं, आणि ते मत पुढे गेल्याबरोबर सगळ्यांनी हात मोकळे केले, ती परत त्याच घरी गेली. म्हणजे माहिती दिली गेली नाही असं नाही. दिली गेली. पण घेणाऱ्याने त्यातून "धोका नाही" एवढंच ऐकलं, आणि खरूज आहे म्हणजे मारहाण नाही असं होतं का, हे कुणी उलट विचारलं नाही.

दिलेली माहिती आणि ऐकलेली माहिती यांतल्या या फरकावर मी स्वतः एकदा आपटलेय. एका बाळाबद्दल मी क्लिनिकच्या नर्सला फोन केला आणि म्हटलं, "जरा लक्ष ठेवा हं, मला काळजी वाटतेय." ती म्हणाली, "हो हो, ठेवते." मी लिहिलं, "नर्सला माहिती दिली." माझ्या मनात बाळाच्या दंडावरच्या निळ्या खुणा होत्या. तिला वाटलं मी वजनाबद्दल बोलतेय, कारण बाळ बारीक होतं, आणि ती दर आठवड्याला मन लावून वजन करत होती, दुपट्यात गुंडाळून. पाच आठवडे आम्ही दोघीही निश्चिंत. नशीब चांगलं म्हणून त्या केसमध्ये पुढे काही भयंकर झालं नाही, पण ते नशीबच. तेव्हापासून मी फोनवर शेवटी विचारते, "तुम्ही आता काय बघणार ते मला एकदा सांगा ना." लोकांना सुरुवातीला विचित्र वाटतं. आणि नोंदीत "माहिती दिली" लिहीत नाही, लिहिते: कुणाला, नाव आणि पद, किती वाजता, नेमकं काय सांगितलं, का सांगितलं, त्यांनी काय करायचं कबूल केलं, आणि मला परत कधी कळवणार. फोन झाल्यावर दोन ओळींचा ईमेलही टाकते, तेच शब्द.

उलट दिशेनेही तेच. शाळेने रेफरल केला, म्हणजे केस तुमच्याकडे कळवली, तुम्ही तपास केला, आणि शाळेला काही कळवलंच नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी ती शिक्षिका फोन करणार नाही. सगळं सांगायची गरज नसते, "तुमची माहिती मिळाली, आम्ही भेट दिली, काम चालू आहे, असं असं दिसलं तर लगेच कळवा" एवढं पुरतं.

मग गोपनीयतेचं काय, तुमचा खरा प्रश्न तोच आहे. गोपनीयता ही मुलाची आणि कुटुंबाची आहे, आपल्या ऑफिसची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १६ मध्ये मुलाच्या खासगीपणाचा हक्क आहे आणि त्याच संहितेच्या कलम १९ मध्ये हिंसेपासून संरक्षणाचा हक्क आहे, दोन्ही एकाच मुलाचे. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, ते तुमच्या ठिकाणचे नीट वाचा, पण दिशा बरीचशी सारखी आहे. भारतात पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असेल तर कळवावीच लागते, इंग्लंडमध्ये सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की डेटा प्रोटेक्शनचा कायदा मुलाच्या संरक्षणासाठी माहिती देण्याच्या आड येत नाही. गंमत म्हणजे व्यवहारात आपण बरोबर उलटं करतो. जिथे सांगायला हवं तिथे कायदा पुढे करतो, आणि व्हॉट्सॲपच्या टीम ग्रुपवर मुलीच्या नावासकट, जखमेच्या फोटोसकट सगळं टाकतो कारण "आपलाच ग्रुप आहे". तो फोटो आठ जणांच्या फोनमध्ये, त्यांच्या बॅकअपमध्ये गेला, आणि फाइलमध्ये मात्र नाही. फोटो काढायचा तर ऑफिसच्या ठरलेल्या पद्धतीने, नाहीतर शरीराच्या आकृतीवर खूण करून, माप, रंग आणि जागा लिहून.

संमतीबद्दल मी एक नियम पाळते. नाही म्हटलं तरी मी सांगणारच असेन, तर संमती मागत नाही. मागणं म्हणजे फसवणूक आहे ती. तिथे मी सांगते, "मी हे शाळेला कळवणार आहे, कारण असं आहे, यातलं काय कसं सांगावं याबद्दल तुमचं मत मला हवंय." आणि जिथे खरंच त्यांच्या हातात आहे, म्हणजे एखादी मदत, काउन्सेलिंग, आर्थिक सहाय्य वगैरे, तिथे संमती मागते आणि नाही म्हणाले तर थांबते. अशाही केस असतात जिथे आधी सांगणंच धोक्याचं, लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, मुलाला पळवून नेतील अशी शक्यता असेल, पुरावा नाहीसा होईल, मुलाला गप्प बसवलं जाईल. तिथे न सांगता पुढे जायचं आणि का सांगितलं नाही ते त्याच दिवशी लिहायचं.

किती सांगायचं हे ठरवताना समोरच्याला त्याच्या कामासाठी काय लागतं तेवढाच विचार करा. शाळेला मुलीला कोण न्यायला येऊ शकतं आणि कोण नाही, ती कशाने बिथरते, आणि कुणाला फोन करायचा हे लागतं. आईला पाच वर्षांपूर्वी डिप्रेशन होतं हे शाळेला लागत नाही. आख्खा रिपोर्ट फॉरवर्ड करणं हे कष्ट वाचवणं आहे, माहिती देणं नाही. आणि पत्ता! यावर मी ओरडून सांगते. मारहाणीतून पळून दुसरीकडे राहणाऱ्या आईचा नवा पत्ता कॉन्फरन्सच्या मिनिट्सच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला, आणि मिनिट्सची प्रत बापालाही जाते कारण तोही पालक आहे. हे घडतं. पत्त्याने नाही तर नव्या शाळेच्या नावाने, क्लिनिकच्या शिक्क्याने. कागद बाहेर पाठवायच्या आधी एकदा त्या माणसाच्या नजरेने वाचायचा.

तुमच्या काउन्सेलरच्या फोनचं सांगायचं तर, "सांगू शकत नाही" म्हणालात यात चूक अशी नाही की सगळं सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं का, ती का विचारतेय? काउन्सेलर उगाच फोन करत नाही, तिने काहीतरी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असणार. गोपनीयता तुम्हाला बोलण्यापासून अडवेल, ऐकण्यापासून नाही ना. तुम्ही दार बंद केलंत आणि तिच्याकडचं तिच्याकडेच राहिलं. आणि न सांगण्याचा निर्णय फाइलमध्ये आहे का? नसेल, मला खात्री आहे. सांगितलं की नोंद होते, नाही सांगितलं की होत नाही, आणि नंतर कुणी विचारलं की शाळेला का कळवलं नाही, तर आपण विचार करून थांबलो होतो की विसरलो होतो हे सिद्ध करायला काही नसतं.

सिस्टिमने हे सुटेल असंही समजू नका. व्हिक्टोरियाच्या केसनंतर इंग्लंडने कॉन्टॅक्टपॉइंट नावाचा देशभरातल्या सगळ्या मुलांचा डेटाबेस केला, कुठल्या मुलाबरोबर कोण काम करतंय ते दिसावं म्हणून, आणि २०१० मध्ये तो बंद करून टाकला. याच मन्रोबाईंचा २०११ चा सरकारी रिव्ह्यू वाचलात तर त्यात हेच दुखणं आहे, वर्कर फॉर्म भरण्यात आणि मुदती पाळण्यात अडकलेत आणि मुलांना भेटायला वेळ नाही. त्यामुळे मी "जास्त लिहा" म्हणत नाहीये हे लक्षात घ्या. तुमच्या नोंदी लांब आहेत ना, त्यातला चहा, गप्पा, घराचं वर्णन कापा, आणि वाचलेल्या जागेत का ते लिहा. जमलं तर प्रत्येक केसला पहिल्या पानावर एक क्रोनॉलॉजी ठेवा, तारीख, घटना, काय ठरलं, एकेक ओळ. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक घटना किरकोळ वाटते, एका पानावर खाली-खाली आल्या की पोटात गोळा येतो.

आता आई आणि फाइल. तुम्ही घाबरलायत ते कळतंय, पण फाइल बघायला मागणं हा काही हल्ला नाही. ग्रॅहम गॅस्किन म्हणून एक माणूस होता, लहानपणापासून सरकारी देखभालीत लिव्हरपूलला वाढलेला. मोठा झाल्यावर त्याने स्वतःची फाइल मागितली, कारण लहानपणाची दुसरी कुठली आठवण सांगणारं त्याच्याकडे कुणी नव्हतं. फाइलमध्ये ४६ जणांनी लिहिलेले सुमारे ३५२ कागद होते, आणि ज्यांनी लिहिलं त्यांची परवानगी हवी म्हणून शेवटी १९ जणांचे ६५ त्याला मिळाले. १९८९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की परवानगी मिळत नसेल तेव्हा कागद द्यायचे की नाही हे ठरवायला स्वतंत्र यंत्रणा नाही, हे त्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०१७ मध्ये सांगितलं की संस्थांमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराशी संबंधित नोंदी किमान ४५ वर्षं ठेवा, कारण त्यांच्यासमोर आलेल्या लोकांना तोंड उघडायला सरासरी २४ वर्षं लागली होती. म्हणजे तुमच्या केसमधली आजची मुलगी तिशीत तुमची नोंद वाचत असेल अशी चांगली शक्यता आहे. मी वाक्य लिहून झालं की कधीकधी तिच्या आवाजात मनात वाचून बघते. "मुलगी हट्टी असून खोटे बोलते" हे तसं वाचलं की पुसावंसं वाटतंच.

आईला फाइल दाखवायची ती तुमच्या ऑफिसच्या प्रक्रियेनेच, तुम्ही एकट्याने ड्रॉवर उघडून नाही. आधी तक्रार करणाऱ्याची ओळख, दुसऱ्या लोकांची माहिती, चालू तपासाचं जे मुलाला धोक्यात टाकेल, आणि मुलीने विश्वासाने सांगितलेलं, हे कुणीतरी जाणत्याने बघून झाकायचं, आणि काय का झाकलं त्याची नोंद. मुलगी कळत्या वयाची असेल तर तिलाही विचारा, तिच्या फाइलबद्दल तिला काय वाटतं. मग आईसोबत बसा, हातात कागद देऊन निघून जाऊ नका. ती म्हणेल हे खोटं आहे. तारीख, नाव असं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, जुनं दिसेल असं ठेवून. मत पटलं नसेल तर तुमचं मत बदलायचं नाही, पण तिचं म्हणणं तिच्या शब्दांत त्याच पानाला जोडायचं. माझ्या एका केसमध्ये एका आईने लिहून दिलं होतं, "मी दार उघडलं नाही कारण तुम्ही आलात त्या तिन्ही वेळा मी कामावर होते." आमच्यापैकी कुणी कामाच्या वेळा विचारल्याच नव्हत्या.

आणि काउन्सेलरला आज फोन करा, आई येण्याची वाट बघू नका. आधी ती काय सांगतेय ते ऐका, मग काय सांगायचं ते सुपरव्हायझरशी ठरवा. फोन झाल्यावर मागच्या वेळी काय झालं तेही लिहून टाका: "अमुक तारखेला फोन आला होता, तेव्हा गोपनीयतेच्या कारणाने माहिती दिली नाही, त्यांच्याकडे काय माहिती आहे ते विचारलं नाही, नोंद आज करत आहे." वर आजचीच तारीख घाला, मागची नाही.